आक्काचं शुद्ध बोलणं

आमच्या क्वार्टरच्या दोन्ही खोल्यांत मळीचा वास भरलेला असायचा. साखर कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्याला तो येत नाही. पाहुणे आले आणि त्यांनी नाकाला पदर लावला की आम्हाला त्याची आठवण व्हायची. आण्णा कारखान्यात फिटर होते. गाळपाचे दिवस सुरू झाले की माजलगावच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज रिकाम्या दुपारीसुद्धा भिंतीतून यायचा, आणि पाळी बदलल्याचा भोंगा झाला की माय तवा ठेवायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठरलेला ठेका होता. येसूर मसाला घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे माय उंबऱ्यात बसून वळायची आणि आम्ही दोघी बहिणी समोर बसून. माझे वेडेवाकडे व्हायचे, आक्काचे एकसारखे. आक्का म्हणजे वंदना, माझी थोरली बहीण; मला घरात ‘शाले’ म्हणायचे.

आक्का अंबाजोगाईला डी.एड. करायला गेली आणि पहिल्याच दिवाळीला घरी आली ती वेगळंच बोलत. आम्ही सगळे ‘हाय’ आणि ‘न्हाई’वाले. ती उंबऱ्यातनंच म्हणाली, “आई, मला भूक लागली आहे.” माय हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली. मग आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “आवं, ऐकलं का? बाईसाहेबांला भूक लागली आ-हे!” आक्का चिडली नाही. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि वर्गात ‘न्हाई’ म्हणून चालणार नाही हे तिला तिथल्या मॅडमनी चारचौघांत ऐकवलं होतं. त्या सुट्टीत ती सगळा वेळ शुद्ध बोलली. शेवटी आम्हाला त्याची सवय झाली. मायला तर कौतुक वाटायला लागलं. विहारात बायका जमल्या की ती मुद्दाम आक्काला काहीतरी विचारायची, तिनं चारजणींसमोर उत्तर द्यावं म्हणून.

दुसऱ्या वर्षी आक्काला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग तालुक्याचा दवाखाना, मग मोठा दवाखाना. माय तिच्याजवळ होती. मी घरी होते, आण्णांचा डबा करायला. एका सकाळी भोंगा व्हायच्या आधीच आण्णा घरी आले, सायकल भिंतीला न टेकवता अंगणात आडवी सोडली, आणि मला कळलं.

आक्काच्या पुण्यानुमोदनाला माणसं आली, पंचशील झालं, जेवणं झाली, माणसं गेली. मायनं एकदाही मोठ्यानं रडून घेतलं नाही. तिनं फक्त आमच्याबरोबर जेवणं सोडलं. आम्हाला वाढायची आणि म्हणायची, “म्या मागून खाते.” मागून काय खायची ते मी कधी पाहिलं नाही. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या.

टीव्हीचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते याच्या पुढच्या वर्षी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एका नाटकात सासूचं काम केलं होतं. त्याचं शूटिंग करायला रऊफभाई आले होते. त्यांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी ते काढायचे. पंचक्रोशीतलं कोणतंही लग्न असो, उमापूरचं असो की वडगावचं, हळदीला रऊफभाई खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर. तरुणपणी ते पुण्यात एका शूटिंगच्या कंपनीत लाइट उचलायला होते. त्यांनी मला स्टुडिओत बोलावून माझं काम टीव्हीवर दाखवलं आणि म्हणाले, “बेटी, तुझा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो. पुण्यात माझा एक दोस्त हाय. ते लोक नवीन मालिकेसाठी नवीन पोरी बघायलेत. पण तुझी जबान सुधरावी लागंल. ‘न्हाई’ म्हणालीस की तिथंच गेट बंद.”

आण्णा आधी नाहीच म्हणाले. “नाचायला चाललीस का?” असंही एकदा म्हणाले, आणि मग स्वतःलाच वाईट वाटून बाहेर गेले. रऊफभाईंनी घरी येऊन, चहा घेऊन, आपल्या लेकीची शपथ घेऊन त्यांना पटवलं. माय त्या बोलण्यात कुठेच नव्हती. ती आत तांदूळ निवडत होती.

तर अशी माझी तयारी सुरू झाली. कॉलेज सुटलं की स्टुडिओत तासभर कॅमेऱ्यासमोर, आणि घरी दुपारी मोठ्यानं वाचन. रऊफभाईंनी शिळी वर्तमानपत्रं दिली होती. ‘पाणी’ म्हण, ‘पानी’ नको. ‘शाळा’ म्हण, ‘साळा’ नको. तोंड दुखायचं. आजची मुलं मोबाइल खिडकीत टेकवून स्वतःचं शूटिंग करतात आणि एका बोटानं मुंबईला पाठवतात. परवाच आमच्या सेटवर युसूफ वडगाव या गावची एक मुलगी आली, ती अशीच निवडली गेली होती. तिनं मला विचारलं, “तुम्ही कसं शिकलात?” मी म्हटलं, वाचून. खरं उत्तर मला तिथं, मेकअपच्या खुर्चीत, देता येण्यासारखं नव्हतं.

खरं उत्तर असं, की वर्तमानपत्र वाचून काही जमत नव्हतं. वाचायचं थांबलं की जीभ परत आपल्या जागी. मग एका दुपारी मला सुचलं, आक्का कशी बोलायची तसं बोलावं. घरात शुद्ध बोललेलं मी एकाच माणसाचं ऐकलं होतं. मी डोळे मिटले, तिची मान जराशी वर असायची ती आठवली, आणि रऊफभाईंनी दिलेलं सुनेचं भाषण म्हणायला लागले. “मी या घरात आले तेव्हा मला कोणी विचारलं नाही, की तुला काय हवं आहे.” शब्द सरळ आले. एकही अडखळला नाही. मला आनंद झाला, मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

आतल्या खोलीत बांगड्यांचा ठेका थांबला.

“आक्के?”

माय दारात उभी होती. दोन्ही हात पिठाचे. तव्यावरची भाकरी करपत होती, तिचा वास आला, तरी ती वळली नाही. मग ती हळूच म्हणाली, “बोल की. थांबलीस कावून?”

मी बोलले. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी ते भाषण शेवटपर्यंत म्हटलं आणि माय चौकटीला टेकून ऐकत राहिली. त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर जेवायला बसली. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे.

त्यानंतर दुपार झाली की माय कामं आवरून खोलीत येऊन बसायची. सुरुवातीला भाषणच. मग म्हणाली, “ते कागदावरचं राहू दे. असंच बोल काही.” मी असंच बोलायला लागले. मुलांना बाराखडी कशी शिकवायची, वसतिगृहात आमटी किती पातळ असते, खिडकीतून देवीच्या देवळाचा कळस कसा दिसतो. यातलं काही आक्काकडून ऐकलेलं, काही मीच जुळवलेलं. माय मान हलवायची. मध्येच एखादी गोष्ट दुरुस्त करायची, “तुझी मैतरीण सुनीता न्हवती, संगीता व्हती,” आणि मी म्हणायची, “हो, संगीता. चुकलेच मी.” मायचा चेहरा भरत चालला. वसाहतीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी टीव्हीत जायची म्हणून आईला बघा कसं तेज आलंय. रऊफभाई माझ्यावर खूष होते. “एका महिन्यात काय जबान झाली गं तुझी! कोण शिकवतंय?” मी बोलत असताना मात्र खोलीत तिसरं कोणी येऊन बसल्यासारखं वाटे, आणि ते तिसरं माणूस आक्का आहे की मी, हे मला कधी नीट कळलं नाही.

मग तो दिवस आला. बाहेर घुंगरं वाजत होती, मायनं गुळाचा चहा केला होता. तिनं माझ्यासमोर कप ठेवला आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “त्या दिशी दवाखान्यात तू मला हाक मारलीस. म्या खाली च्या प्यायला गेलते. नर्स म्हनली, आईला बोलवत व्हती. म्या वर येस्तवर तू झोपलीस. काय सांगायचं व्हतं तुला?”

मी तिथं नव्हते. आण्णाही नव्हते. आक्कानं हाक का मारली हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. माय माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात कुठंही वेड नव्हतं. पुढं या धंद्यात मी पुष्कळ बायकांची कामं केली, मरणाऱ्या, मारणाऱ्या, सोडून जाणाऱ्या. असं उत्तर द्यायची वेळ कुठल्याच कामात आली नाही.

“पाणी मागायचं होतं, आई,” मी म्हणाले. “नर्सनं दिलं. मग मला छान वाटलं, म्हणून झोपले.”

“दुखत न्हवतं?”

“नाही. काहीच दुखत नव्हतं.”

मायनं डोळे मिटून घेतले. मग कप उचलून तिनं चहा प्यायला, सावकाश, आवाज करत, जसा ती पूर्वी प्यायची.

दाराबाहेर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. आण्णा होते. मशीन बंद पडलं म्हणून त्यांना लवकर सोडलं होतं. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, मला बोटानं बाहेर बोलावलं आणि सायकल हातात धरून वसाहतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. टाकीपाशी थांबून म्हणाले, “तुझं ते पुण्याचं कवा हाय?”

“पुढच्या महिन्यात बोलावतील म्हणाले.”

“रऊफभाईला म्हणावं लवकर कर.” ते सायकलच्या मुठीवरचं रबर फिरवत राहिले. “शाले, मला तुझा आवाज ऐकून लई दिस झाले. तू घरात बोलत न्हाईस. तीच बोलती.”

मी त्यांना ‘व्हय’ म्हटलं. ते म्हणायला मला विचार करावा लागला.

पुण्याचं बोलावणं यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रऊफभाई माझ्या सरावासाठी नवी कॅसेट वापरत नसत. लोकांनी न नेलेल्या, जास्तीच्या काढलेल्या जुन्या लग्नांच्या कॅसेटी असत, त्यांच्यावरच माझं घ्यायचे आणि लगेच मला दाखवायचे. त्या दिवशी मी पडद्यावर स्वतःला बघत होते. भाषण संपलं, मी नमस्कार केला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि खालचं लग्न वर आलं. कुणाची तरी हळद. मांडवात बायका. कॅमेरा फिरत फिरत एका कोपऱ्यात गेला, आणि तिथं परातीत पीठ मळत आक्का बसली होती. हाडामांसाची. कपाळाला केस चिकटलेले.

“ओ भाई, माझं नका ना काढू,” ती म्हणाली, “लई घाम आलाय, भुतावानी दिसायले म्या.” आणि हसली. कॅमेरा पुढं गेला.

रऊफभाईंनी ओळखलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी टेप थांबवली. मी म्हटलं, मागं घ्या. पुन्हा बघितलं. पुन्हा. तो आवाज बारीक होता, घाईघाईचा, नाकातून येणारा. मी जो आवाज रोज दुपारी काढत होते तो खोल होता, संथ, एकेक शब्द ठेवत जाणारा. दोन्हींत काहीच सारखं नव्हतं. आणि शुद्ध तर एक अक्षर नाही. आमच्याच मांडवात, आमच्याच बायकांत ती आमच्यासारखीच बोलत होती. तिचा खरा आवाज कानावर पडूनही मला तो ओळखीचा वाटेना, याची मला जास्त भीती वाटली. माझ्या कानात आता माझाच आवाज तिचा म्हणून बसला होता.

“याच्या आधी काय होतं टेपवर?” मी विचारलं.

“तुझं भाषण घेतलं ना बेटी त्याच्यावर,” रऊफभाई म्हणाले. “खाली काय व्हतं, अल्ला जाने.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः व्हीसीआर चादरीत गुंडाळून स्कूटरवरून आमच्याकडे घेऊन आले आणि आमच्या टीव्हीला जोडला. आण्णांनी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. मायला मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त जवळ बसवलं. मांडव आला, बायका आल्या, आक्का आली. ‘भुतावानी दिसायले म्या.’ आण्णांच्या घशातून एक आवाज निघाला आणि त्यांनी तोंडावर गमछा दाबला. रऊफभाई दाराकडे तोंड करून उभे होते.

माय पडद्याकडे बघत होती, ओळखीच्या गल्लीतलं परकं माणूस बघावं तशी. आक्का हसून झाली, कॅमेरा पुढं गेला, नवरी आली.

“बंद करा,” माय म्हणाली.

“माय, पुन्यांदा लावू का?” मी आमच्या बोलीत विचारलं. “आपली आक्का हाय ती.”

“हाय की. म्या न्हाई म्हणले का?” ती उठली, पदर खोचला. “ती गेली. गेलेल्या माणसाला कावून बघत बसायचं.” आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून, माझ्याकडे वळून, मऊ आवाजात: “तू दुपारी ये गं. काल तुझ्या शाळंचं सांगायचं राहिलं.”

रऊफभाईंनी व्हीसीआर चादरीत बांधला. कॅसेट त्यांनी आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी ती कुठं ठेवली, मी पुढं कधी विचारलं नाही.

पुण्याला आण्णा मला सोडायला आले. एका बंगल्यात खालच्या खोलीत निवड चालू होती. टेबलामागं तिघं होते. माझं नाव, गाव विचारलं. बीड जिल्हा म्हटल्यावर चष्मेवाल्या बाई पुढं सरकल्या. “अरे वा, मराठवाड्याची. मग तुमच्याकडच्या भाषेत करून दाखव ना. आम्हाला एका गावाकडच्या मुलीचं मोठं काम भरायचंय.” माझ्या आयुष्यात एवढं सोपं कोणी काही मागितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. “म्या ह्या घरात आले तवा…” पुढं येईना. जे येत होतं ते नाटकातल्या नोकराणीसारखं, शिकवल्यासारखं. मी पुन्हा सुरू केलं. त्यांनी आपसात बघितलं. “राहू दे, तू तुझं जे बसवलंयस ते कर,” बाई म्हणाल्या. मी ते केलं. पाठीमागं कोणीतरी “स्वच्छ आहे बोलणं” म्हणालं.

मला नर्सचं काम मिळालं. दोन वाक्यांचं. ‘तुम्ही बाहेर थांबा, आई. डॉक्टर आत आहेत.’ पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. दिग्दर्शकांना ते पहिल्याच फटक्यात पसंत पडलं, आणि त्यातून मला पुण्यातच दुसरं काम मिळालं, मग तिसरं. मी एका मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. आज लोक मला गावाकडच्या म्हातारीच्या कामासाठीच बोलावतात. ‘हाय’ आणि ‘न्हाई’ मी कागदावर लिहून पाठ करते, आणि समीक्षक लिहितात की बाईंची बोली अस्सल मातीतली आहे.

ते दोन वाक्यांचं काम टीव्हीवर लागलं त्या दिवशी मी एसटीडी बूथवर रांग लावून वसाहतीतल्या फोरमनसाहेबांच्या घरी फोन केला. मायला बोलवायला कोणीतरी पळालं. ती येईपर्यंत पलीकडून त्यांच्या घरातली भांडी ऐकू येत होती. मग तिचा श्वास.

“माय, बघितलंस का?”

“बघितलं की. आख्खी वसाहत बसलती आपल्या घरात.” तिचा आवाज इतका आनंदी मी आक्का गेल्यापासून ऐकला नव्हता. “लई गोड दिसली गं. जरा वाळलीय. पर बोलणं तसंच हाय. बायका म्हनल्या, वंदनेची माय, लेक कशी साफ बोलती.”

मी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आन् शाले,” माय म्हणाली, “तू कवा दिसणार हायेस?”

मागच्या बाईनं बूथच्या काचेवर टकटक केलं. मी म्हणाले, दिसेन, पुढच्या खेपेला.

“बरं. तवर आक्कावर ध्यान ठिव. तिला म्हणावं येळेवर जेवत जा.”

मी ‘व्हय’ म्हणायला गेले, आणि तोंडातून ‘हो’ आलं.